तिसरा आग्रह

इराणातल्या केरमानच्या बाजारात आगा हशमत नखाई यांचं चष्म्याचं दुकान आहे. तिथे चष्मा घेणं सोपं आहे. पैसे देणं अवघड.

"किती झाले, आगा हशमत?"

"राहू द्या हो. तुमच्यापुढे ते काय!"

"असं कसं? सांगा की."

"दुकान तुमचंच आहे."

"मेहेरबानी तुमची. पण आकडा सांगा."

मग ते आकडा सांगतात. सांगताना असे ओशाळतात, जणू गिऱ्हाइकाच्या खिशात हात घालताना पकडले गेले. तसा सगळा बाजार असंच बोलतो. पण बाकीच्यांचं ते बोलणं म्हणजे नुसतं 'काय, कसं काय' असतं. म्हणायचं आणि पुढच्या कामाला लागायचं. आगा हशमत मात्र मनापासून बोलतात. चौसष्ट वर्षांत त्यांनी कुणापुढे हात पसरला नाही. लग्न ठरताना मुलीच्या वडिलांनी विचारलं, मुलगी पसंत आहे का? हे म्हणाले, "माझी काय पात्रता!" विचारलं, म्हणजे नापसंत आहे? हे म्हणाले, "मी कोण पसंत करणारा!"

ही गोष्ट त्यांची बायको माहलका आल्यागेल्याला सांगते. "माझा बाप जाणता होता म्हणून निभावलं," ती म्हणते. "नाहीतर हे अजून आमच्या दारातच उभे असते."

अशा माणसाने आयुष्याची अठरा वर्षं ज्याच्या घरासाठी वेचली, तो कवी अगदी उलट होता. मिर्झा हबीब. टोपणनाव पायाब. तळघरातून खाली वाहत्या पाण्यापर्यंत उतरणाऱ्या पायऱ्यांना पायाब म्हणतात. मिर्झांच्या घरात तशा पायऱ्या आहेत. उन्हाळ्यात ते तिथेच बसून लिहीत. लिहीत ते जिऱ्याच्या भावावर, घोरणाऱ्या शेजाऱ्यावर, स्वतःच्या फाटक्या जोड्यांवर. बोलत ते तोंडावर. एका बड्या अधिकाऱ्याने त्यांना स्वतःची गझल ऐकवली आणि मत विचारलं. पायाब म्हणाले, "तुमच्या मिशा छान आहेत."

मिर्झा गेले. घर उरलं. त्यांची एकुलती मुलगी परीरुख खानम तरुणपणीच जर्मनीत गेली होती. हॅम्बुर्गला औषधांच्या दुकानात तिने उभी हयात काढली. घर बंद. कोनाड्यांत कबुतरं. एके दिवशी आगा हशमत तिथून जात होते. आतून छताचा पोपडा पडल्याचा आवाज आला. त्यांनी दुकान बंद केलं, शिडी आणली, आणि तेव्हापासून दर शुक्रवारी ते तिथेच आहेत.

पुढे 'पायाब-गृह मित्रमंडळ' झालं. कागदावर माणसं बरीच आहेत. शुक्रवारी मात्र तिघंच येतात: आगा हशमत, माहलका आणि तूबा खानम. तूबा खानम मुलींच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांच्या धाकाने निम्म्या केरमानच्या आया अजून ताठ बसतात. छपराचं काम निघालं की गवंडी उस्ता बमानअली येतो. बाकी हे तिघंच झाडतात, डागडुजी करतात, अंगणातल्या गुलाबांना पाणी घालतात. कुणी घर बघायला आलं की चहा देतात, कोलंपे, म्हणजे खजूर भरलेली केरमानी बिस्किटं, खाऊ घालतात, पायाबच्या ओळी म्हणून दाखवतात. पाहुण्याने खिशात हात घातला की तिघंही एकदम "छे छे!" म्हणतात. मंडळाची दानपेटी कायम रिकामी असते, ती यामुळे.

हे सगळं चालतं ते परीरुख खानमच्या एका फोनवर. कधीतरी त्या म्हणाल्या होत्या, "वापरा घर, मला काय." पण घर त्यांच्या नावावर. गेल्या हिवाळ्यात घरावरचा वाऱ्याचा मनोरा तडकला. उन्हाळ्यात तोच वरचा वारा ओढून खाली खोल्यांत सोडतो. तो पडला तर अर्धं घर घेऊन पडेल. सरकारी कचेरीतून एकच प्रश्न आला: मालक कोण? मालकाच्या सहीशिवाय मनोऱ्याला हात लावता येणार नव्हता. आणि मालकीण अठ्ठ्याहत्तर वर्षांची, हजारो मैलांवर. त्यांच्यामागे घर चुलत भाच्यांकडे जाणार होतं. भाच्यांना कवितेतलं काही कळत नव्हतं. जागेच्या भावातलं सगळं कळत होतं.

म्हणून यंदा वसंतात परीरुख खानम स्वतः येणार असं कळलं, तेव्हा आगा हशमतांनी भिंतीवरचं मिर्झांचं चित्र दिवसातून दोनदा पुसायला सुरुवात केली.

त्या आल्या. बुटकी, तरतरीत बाई. पांढरे आखूड केस, पायांत खेळाडूंचे बूट. विमानातून उतरल्यापासून भराभरा चालत होत्या. आगा हशमतांनी त्यांना घरी जेवायला बोलावलं. माहलकाने बोज-गोर्मे केलं, म्हणजे बकऱ्याचं मटण, चणे आणि दह्याचं आटवण घालून मंद आचेवर शिजवलेलं. सकाळपासून केशराचा वास जिना उतरून गल्लीत गेला होता. तूबा खानमही आल्या.

परीरुख खानमनी दोन घास खाल्ले. मग चमचा खाली ठेवला.

"मी ठरवलंय," त्या म्हणाल्या. "घर तुम्हीच घ्या. मंडळाच्या नावाने बक्षीसपत्र करून टाकते."

तूबा खानमचा घास तोंडाशीच थांबला. माहलका भाताचं ताट घेऊन दारात उभी राहिली. आगा हशमतांच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि तोंडातून आलं ते असं:

"छे छे, खानम! काय बोलता! मिर्झांचं घर आणि आमच्या नावावर? आमची काय लायकी!"

हे बरोबर होतं. असंच म्हणायचं असतं.

"मी खरंच म्हणतेय," परीरुख खानम म्हणाल्या.

"तुमची सावली त्या घरावर कायम राहो. आम्ही त्या उंबरठ्याची धूळ. धुळीच्या नावावर कुणी घर करतं का?"

हेही बरोबर होतं. जरा लांबलं, पण छान जमलं. आता त्या तिसऱ्यांदा आग्रह करतील. आपण छातीवर हात ठेवू. म्हणू, तुमचा शब्द मोडवत नाही. आगा हशमतांनी छातीवर हात ठेवलासुद्धा.

"बरं," परीरुख खानम म्हणाल्या. "नको असेल तर राहिलं. ओझंच आहे म्हणा ते. तो तेहरानचा हॉटेलवाला गुरुवारी येतोय, त्याच्याशी बोलून घेते. हे लोणचं कशाचं?"

आगा हशमतांचा हात छातीवरच राहिला.

"लसणाचं," शेवटी माहलका म्हणाली.

"सुरेख झालंय."

पाहुण्या गेल्या. दार लागलं. मग माहलकाने ताट आपटलं.

"त्या तिसऱ्यांदा का नाही म्हणाल्या?" आगा हशमत पुटपुटले. "कुणी दोनदाच म्हणून थांबतं का?"

"तुम्ही दुसऱ्या वेळीच हो का नाही म्हणालात?"

"दुसऱ्या वेळी? अगं, दुसऱ्या वेळी हो म्हणणारा माणूस कसा दिसतो?"

"घरवाला दिसतो!"

तूबा खानम उठल्या. त्यांनी डोक्यावरचा रुमाल नीट केला. "तुम्हा दोघांच्याने व्हायचं नाही. मी शाळेत जन्मभर सरळ बोलत आले. उद्या जाते आणि सांगते, आम्हाला घर हवंय."

दुसऱ्या दिवशी त्या परीरुख खानम उतरल्या होत्या तिथे गेल्या. लवकरच परत आल्या. हातात बदामाच्या जर्मन मिठाईचा डबा होता. येऊन दुकानातल्या स्टुलावर बसल्या.

"काय झालं?" आगा हशमतांनी विचारलं.

"त्यांनीच विषय काढला. म्हणाल्या, तुम्हाला घर हवं होतं का?"

"मग? मग तुम्ही?"

तूबा खानमनी डब्याकडे पाहिलं. "मी म्हटलं, तुमची तब्येत चांगली राहो, आम्हाला आणखी काय हवं?"

आगा हशमतांनी पुसायला घेतलेला चष्मा खाली ठेवला.

"तोंडातून निघून गेलं, आगा," तूबा खानम म्हणाल्या. त्यांचा आवाज चौथीतल्या मुलीसारखा झाला होता. "त्या म्हणाल्या, किती चांगली माणसं आहात. आणि हा डबा दिला. मी दोनदा नको म्हटलं. हा तेवढा तिसऱ्यांदा हातात कोंबला हो त्यांनी!"

मग आगा हशमतांनी आडून बोलून पाहिलं. परीरुख खानमना घर दाखवायला नेलं. तडकलेल्या मनोऱ्याखाली उभं केलं.

"या घराला आता मायेचा हात हवा, खानम."

"पैशाचा हवा. हॉटेलवाल्याकडे आहे."

"पण त्याला मिर्झांची एखादी ओळ तरी येत असेल का?"

"त्याला कशाला यायला हवी? मनोऱ्याला विटा लागतात."

आगा हशमत घरी आले आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. माहलकाने उशीच्या टोकाशी बसून समजावलं. एकच शब्द आहे. द्या. छोटा आहे. मुलं बोलायला लागतात ती याच शब्दाने.

दुसऱ्या सकाळी ते दुकानात सराव करू लागले. चष्मे लावून बघायला तिथे मोठा आरसा आहे. त्यापुढे उभं राहून त्यांनी छाती भरून घेतली. "घर द्या," ते आरशाला म्हणाले. फार उर्मट वाटलं. जरा मान झुकवली. "द्या." तेवढ्यात मागून एक गिऱ्हाईक आत आलं.

"काय देऊ, आगा?"

"तुमच्यावरून जीव ओवाळून टाकीन, मला काही नको!" आगा हशमत म्हणाले. वळून पाहिलं आणि कपाळ बडवून घेतलं.

बुधवार उजाडला. गुरुवारी हॉटेलवाला येणार होता. पण बुधवार हा छपराचा दिवस होता. वसंतातला पाऊस सरला की घुमटांवर माती-भुशाचा नवा लेप द्यावा लागतो, नाहीतर पुढच्या हिवाळ्यात छत गळतं. उस्ता बमानअलीने माती आधीच भिजवून ठेवली होती.

"घर उद्या दुसऱ्याचं होणार," तूबा खानम म्हणाल्या. "आता कशाला?"

"गारा तयार आहे," बमानअली म्हणाला. "आज नाही तुडवला तर वाया जाईल. घर कुणाचं का असेना, पाऊस त्याच छपरावर पडणार."

मग काय. आगा हशमतांनी विजार गुडघ्यापर्यंत गुंडाळली आणि ते छपरावरच्या चिखलात उतरले. बमानअली फावड्याने भुसा टाकत होता. आगा हशमत तुडवत होते. आजूबाजूला सगळी केरमानची छपरं, मातीचे घुमटच घुमट. शेजारच्या छपरावर एक बाई कपडे वाळत घालत होती. लांब दक्षिणेला डोंगरांवर अजून थोडा बर्फ होता. हवेत ओल्या भुशाचा वास. दुःखात असूनही आगा हशमतांचे पाय ठेक्यात पडू लागले. पायाबची घोरणाऱ्या शेजाऱ्यावरची कविता गारा तुडवायला फार बरी पडते. तूबा खानम एक ओळ म्हणत, आगा हशमत दुसरी.

जिन्यावरून परीरुख खानम वर आल्या. "हे काय चाललंय?" त्यांनी विचारलं. उत्तराची वाट न बघता सावलीत बसल्या आणि बापाच्या ओळींना स्वतःही पाय हलवू लागल्या.

माहलकाने थर्मासमधून चहा ओतला. पेला पुढे केला.

"नको," परीरुख खानम म्हणाल्या.

माहलकाने पेला त्यांच्यासमोर ठेवला.

"नको म्हटलं ना."

माहलकाने शेजारी साखरेचे खडे ठेवले.

परीरुख खानम भडकल्या. "काय बाई चाललंय हे? इथे आल्यापासून मी दिवसभर नको म्हणतेय आणि दिवसभर चहा ढोसतेय! माझं पोट आहे की हौद? माझं नको कुणाला ऐकूच येत नाही का?"

"येतं की ऐकू," माहलका शांतपणे म्हणाली. "पण पहिलं नको म्हणजे नको थोडंच असतं?"

"मग दुसरं?"

"दुसरंही नाही. तिसऱ्याला आम्ही जरा विचार करतो."

परीरुख खानमनी पेला उचलायला हात पुढे केला होता. तो तसाच थांबला. त्यांनी चिखलात उभ्या असलेल्या माणसाकडे पाहिलं.

"हशमत."

"जी, खानम."

"त्या दिवशी जेवताना तुम्ही किती वेळा नको म्हणालात?"

आगा हशमत गाऱ्याकडे बघत राहिले. उत्तर तूबा खानमनी दिलं, वर्गात हजेरी दिल्यासारखं. "दोनदा."

परीरुख खानम हसू लागल्या. आधी हळू. मग घुमटाला टेकून, डोळे पुसत. "अरे देवा! अगं, मी हॅम्बुर्गला गेले ना, त्या पहिल्या वर्षी शेजारणीने केक पुढे केला. चेरीचा. मी म्हटलं, नको. तिने ताटली उचलली आणि गेली! मी वाट बघत बसले. ताटली काही परत आली नाही. घरी येऊन रडले हो मी. केकसाठी! मग शिकले. नको म्हणजे नको. इतकं पक्कं शिकले की इथलं पार विसरले."

"आता आठवलं ना?" माहलका पुढे सरसावली. "मग म्हणा बघू तिसऱ्यांदा. म्हणजे सुटलो सगळे."

"नाही म्हणणार."

माहलकाने थर्मासचं झाकण घट्ट लावलं.

"मी पायाबची मुलगी आहे," परीरुख खानम म्हणाल्या. हसणं थांबलं होतं, पण डोळ्यांत अजून होतं. "माझ्या बापाने कुणाला आडून काही सांगितलं नाही. दर शुक्रवारी त्यांच्या ओळी म्हणता ना? मग ज्याला त्यांचं घर हवंय त्याने तोंड उघडून मागावं. नाहीतर उद्या हॉटेलवाला आहेच. तो निदान सरळ मागतो."

आगा हशमतांनी घसा साफ केला.

"खानम, तुम्हाला जर त्रास होणार नसेल..."

"होईल. पुढे."

"तुमच्या मनात आलं तर..."

"नाही आलं."

"आम्ही लायक नाही, तरीपण..."

"लायक नाही तर देऊ कशाला?"

शेजारच्या छपरावरची बाई कठड्याशी आली होती. "बोला की हो, आगा! माझे कपडे वाळले!"

"अहो, नवरी मुलगीसुद्धा तिसऱ्या वेळी हो म्हणते!" माहलका ओरडली. "तुमची कितवी वेळ?"

"पाय हलवत बोला, आगा," बमानअली म्हणाला. "गारा बसतोय खाली."

आगा हशमत पाय हलवू लागले. आयुष्यभर त्यांना एकच भीती वाटत आली होती. मागितलं की समोरच्याला नाही म्हणायला जागा उरत नाही. तो भिंतीला टेकतो. म्हणून ते आधीच मागे सरत, समोरच्याला मोकळं सोडत. त्याला ते माया समजत, आणि ती होतीही. पण आता समोर बसलेल्या बाईच्या मागे भिंत नव्हती. नुसतं आभाळ होतं, आणि डोंगर. आणि ती वाट बघत होती.

"द्या," ते म्हणाले.

"ऐकू नाही आलं."

"घर द्या!" आगा हशमत ओरडले. तीन छपरांवरची कबुतरं उडाली. "हवंय मला! आम्हाला हवंय! अठरा वर्षं झाली, रोज हवंय! हॉटेलवाल्याला देऊ नका! मनोरा आम्ही बांधू, छत आम्ही लिंपू, फक्त घर द्या!"

"घ्या," परीरुख खानम म्हणाल्या.

शेजारच्या बाईने जीभ हलवत लग्नातल्यासारखी लांबलचक किलकारी दिली. तूबा खानम रडत होत्या आणि आपण रडत नाही आहोत असं बमानअलीला सांगत होत्या. आगा हशमत परीरुख खानमच्या हातांचं चुंबन घ्यायला धावले. पाय गाऱ्यात रुतले होते. पाय राहिले, बाकीचे आगा हशमत पुढे गेले आणि बदकन चिखलात बसले. त्यांनी उठायची घाई केली नाही. तिथेच बसून खदखदून हसत राहिले. माहलकाने नवऱ्याला इतक्या वर्षांत असं हसताना पाहिलं नव्हतं.

हॉटेलवाला गुरुवारी आला. परीरुख खानमनी त्याला दारातच दोन शब्दांत परत पाठवलं. चहाही विचारला नाही. केरमानमध्ये त्याची चर्चा अजून चालू आहे.

शनिवारी सगळे नोंदणी कचेरीत गेले. आगा हशमतांनी लग्नातला कोट घातला होता. बटणं लागत नव्हती. बक्षीसपत्राला घेणाऱ्याला सर्वांसमक्ष कबूल म्हणावं लागतं, एवढं मंडळाच्या वतीने त्यांचं काम. अधिकारी वयस्कर, सावकाश माणूस होता. त्याने कागद डोळ्यांपासून लांब धरला आणि वाचू लागला.

"मी, परीरुख, मिर्झा हबीब यांची मुलगी, माझ्या राजीखुशीने..."

"कबूल," आगा हशमत म्हणाले.

अधिकाऱ्याने मान वर केली. "आगा, त्या काय देतायत तेसुद्धा मी अजून वाचलेलं नाही."

"माफ करा. वाचा."

"...माझ्या मालकीचं घर, त्यातील अंगण, तळघर, पाण्यापर्यंतच्या पायऱ्या..."

"कबूल!"

"अहो!" अधिकाऱ्याने कागद खाली ठेवला. "लोकांच्या तोंडून हा शब्द काढता काढता माझी दुपार जाते. प्रत्येकाला आधी चार वेळा नको म्हणायचं असतं. आणि तुम्ही मला वाचूही देत नाही. मधे बोललात तर मला पहिल्यापासून वाचावं लागेल."

माहलकाने नवऱ्याच्या कोटाची बाही घट्ट पकडली. तूबा खानमनी शाळेतल्यासारखं ओठांवर बोट ठेवून दाखवलं.

"वाचा तुम्ही पहिल्यापासून," परीरुख खानम म्हणाल्या. "आणि त्यांना म्हणू द्या. मला काही घाई नाही. मी विमानाचं तिकीट पुढे ढकललंय."

अधिकाऱ्याने सुस्कारा सोडला, कागद पुन्हा लांब धरला, आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

"मी, परीरुख..."

"कबूल," आगा हशमत म्हणाले.